बेबीचा प्रश्न

आमच्या रागिणीनं पीएच.डी.ला विषय घेतला तो असा: सरकारनं परदेशी कापसावरचं आयात शुल्क वाढवलं किंवा काढलं, की अकोटच्या बाजारातल्या भावाचं काय होतं. मी एसटीतला रिटायर कंडक्टर. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण पोरीचं कौतुक सगळ्या डेपोला ऐकवून झालं होतं.

शेवटची तोंडी परीक्षा अमरावतीला विद्यापीठात, सगळ्यांसमोर. कुणीही यावं, बसावं, प्रश्न विचारावा. पण लोक येतात पेढे खायला. प्रश्न कुणी विचारत नाही, आणि हॉल गप्प बसला तर ते बरं दिसत नाही. म्हणून पोरं आपल्या मित्रमैत्रिणींना आधीच प्रश्न वाटून ठेवतात. रागिणी घरी बसून ही वाटणी करत होती, तेव्हा माझी बायको, बेबी, छातीवर हात ठेवून म्हणाली, "मी."

रागिणीनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मागच्या वर्षी बेबीला लकवा मारला. पाय सावरला, पण उजवा हात लुळाच राहिला आणि जीभ अजून अडते. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही." हा नियम सगळ्यात जास्त मोडणारा मीच. तिनं नुसतं "च" म्हटलं, की मी चहाचं आधण ठेवून मोकळा.

मग रोज सकाळी अंगणात सराव. "शुल्क" हा शब्द आला की गाडी थांबायची.

"अवं बेबी, नुसतं कर म्हन ना," मी म्हणालो. "सोपं हाये."

तिनं मान हलवली. "रा...रागिणीचा शब्द... हाये थो."

मला या बाईचं फार कौतुक वाटतं, ते तोंडावर सांगायचं मात्र राहून जातं.

परीक्षेच्या दिवशी हॉल भरला. परीक्षकांनी विचारलं, रागिणीनं फडाफड उत्तरं दिली. अध्यक्ष म्हणाले, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?" बेबी समोरची खुर्ची धरून उभी राहिली.

"आ...आयात..." म्हणाली आणि अडली. "शु... शु..."

मागं कुणी तरी खाकरलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. त्या घड्याळाचा मला असा संताप आला! शब्द माझ्या ओठांवर होता. मी अर्धा उठलो, तर समोरून रागिणीनं मला हाताचा पंजा दाखवला. थांबा, बाबा. मी खाली बसलो.

"...शुल्क काढलं," बेबी म्हणाली, "त अकोटले... काय होते?"

अख्खा प्रश्न! आता उत्तर रागिणीनं द्यायचं. पण परीक्षकांना पुरून उरलेली पोरगी आईकडे पाहत तशीच उभी. डोळे भरून आलेले, दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. अध्यक्ष बिचारे मदतीला धावले. "म्हणजे रागिणी यांना असं सांगायचं आहे की..."

बेबीनं आपला धड असलेला डावा हात वर केला, रागिणीनं मला दाखवला होता तसाच.

"थां...थांबा, सर," ती म्हणाली. "पोरगी... बोलते."