बांधलेला भाव

रस्त्यावर ठिबकलेल्या पाण्याच्या रेघेमागे चालत बर्फ कारखान्याचे मालक धक्क्यावर पोचले. रेघ मेहुण्याच्या गाडीची होती, आणि ती संपली नेमकी मालकांच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या होडीपाशी.

"काय भावाने घेतली लादी?"

"तुम्ही लावता त्याच," होडीवाला म्हणाला आणि गुंडाळलेला दोर सोडून पुन्हा गुंडाळू लागला.

बंदरावर बर्फाचे कारखाने दोनच, एक त्यांचा आणि एक मेहुण्याचा. दोघांनी जेवणाच्या ताटावर शपथ घेऊन लादीला एकच भाव बांधला होता. तेव्हापासून मालकांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. मेहुणा आतून कमी घेत असेल, तर मोसम सरायच्या आत आपल्या कारखान्याला कुलूप.

"माझा भाऊ आहे तो," कारखान्यालगतच्या घरी बायको म्हणाली. "शपथ मोडायचा नाही हो."

"शपथ मीही घेतली होती," ते बोलून गेले, आणि एकदम पाणी मागितलं.

दुपारी बाजार खात्याचे अधिकारी कारखान्यावर आले. दोघा कारखानदारांनी संगनमताने भाव चढवल्याची होडीवाल्यांची तक्रार होती.

"साहेब, बाजार आपला आपण चालतो," मालक म्हणाले. "सरकारने रस्ते करावेत, चोर धरावेत. लादीच्या भावात नाक कशाला?"

"म्हणजे संगनमत नाही?"

"त्या माणसाशी? करून दाखवा तुम्ही."

अधिकारी हसले नाहीत. टिपून घेऊन उठले. मालक त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. मागे यंत्रांची घरघर होती, तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"एक सुचवू? भाव सरकारनेच का नाही बांधून देत? त्याखाली कुणी विकलं की दंड. चांगला सणसणीत."

"जे तुम्ही केलंच नाही म्हणता, ते आम्ही करायचं?"

"धंदा टिकला तर होडीवाल्यांचंच भलं आहे, साहेब."

अधिकाऱ्यांनी फाटकाची कडी काढली.

"सकाळी तुमचे मेहुणेही हेच म्हणाले. होडीवाल्यांच्या भल्यासकट."

मालकांनी वळून पाहिलं. बायको खिडकीत उभी होती. ते अधिकाऱ्यांच्या आणखी जवळ सरकले.

"किती भाव बांधा म्हणाला तो?"