नूडल्सच्या पेल्यावरचा ग्रंथ

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. संगणकासाठी नवी भाषा कशी घडवावी, ती विद्या माझ्या पोटात आहे. जन्म तोक्योच्या छापखान्यात. मला उचलताना बांधणीवाल्याची कंबर लचकली, अशी दंतकथा आहे. ती मीच पसरवली.

सेंदाईच्या एका विद्यापीठात माझी उमेदीची वर्षे मजेत गेली. दर वसंतात विद्यार्थी गोल करून बसत आणि पाळीपाळीने माझे एकेक प्रकरण समजावून सांगत. अडखळेल त्याने सर्वांना चहा पाजायचा!

पुढे चकचकीत पुस्तके आली आणि मला दुसरे काम मिळाले. कागदी पेल्यातल्या नूडल्सवर गरम पाणी ओतले, की झाकण दाबायला मी. वाफेने माझे पुठ्ठे पापडासारखे वाकले.

एका शरदात कपाट आवरायला निघाले. थोरला विद्यार्थी कुवाबारा सुतळी घेऊन आला.

"सेन्सेई, रद्दीची गाडी येईलच. हा म्हातारा बांधू?"

आमचे प्राध्यापक त्सुकुमो सेन्सेई म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या वाचनाला कुणी याचं नाव सुचवलं तर राहील. नाहीतर जाईल."

कुवाबारा संगणकापुढे बसलेल्या धाकट्या विद्यार्थिनीकडे वळला.

"मिनेगिशी, तू बोल की!"

"मला नका विचारू, कुवाबारा-सान. मी घडवतेय त्या भाषेला वेड लागलंय. एखाद्या कामानं स्वतःलाच पुन्हा हाक मारली, की ती आधीचे आकडे गिळून टाकते!"

"मग आधी जेव. उपाशी पोरीची भाषा गिळणारच!"

तिने नूडल्सवर मला ठेवले. वाफेने मी घसरलो, असे लोक म्हणतात. खरे सांगतो, मी उडी मारली! पडलो तो नेमके ताटांच्या चित्राचे पान उघडून: प्रत्येक हाकेला नवे ताट, आधीच्या ताटावर रचलेले, काम झाले की वरचे उचलायचे.

"अगं बाई! मी सगळ्यांना एकाच ताटात बसवलं होतं!"

ती संगणकाकडे धावली. नूडल्स फुगून लगदा झाल्या, पण तिची भाषा शहाण्यासारखी चालू लागली. तेवढ्यात खाली रद्दीच्या गाडीचे गाणे वाजले.

"सेन्सेई, पुढच्या वर्षी हेच वाचायचं!"

"आणि नूडल्सवर काय ठेवायचं?" कुवाबारा कुरकुरला.

"तुमचा प्रबंध ठेवा, कुवाबारा-सान. तेवढा जाड झाला असेल तर!"

सेन्सेईंनी हसत हसत सुतळी खिशात घातली.

मित्रांनो, नवी पुस्तके जरूर घ्या. पण जुन्यांना सुतळी बांधण्याआधी एकदा उघडून पाहा. झाकण केलेत तरी राग नाही, रस्सा तेवढा सांभाळा. ताटांच्या पानावर मिसो रश्श्याचा डाग पडला आहे. यंदाची पोरे ते पान वासावरून शोधतात!