उतरवलेला लाल

बंदरावरच्या नव्या प्रतीक्षालयाच्या भिंतीवर स्पर्धेत जिंकलेला एकच सूर्यास्ताचा फोटो लागणार होता, आणि तो माझाच असणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. अकरा वर्षं मी हा किनारा तुडवलाय. कुठल्या खडकाला भरती कधी वेढा घालते, कुठल्या कपारीत ट्रायपॉड हलत नाही, ते मला विचारा. या नादापायी एक गुडघा आणि दोन लेन्स गमावून बसलेय.

मग माझ्या धाकट्या बहिणीने कॅमेरा घेतला. सहा महिने झाले नाहीत, तोच बाईसाहेब अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या. त्या मंगळवारी सकाळपासून आभाळ गच्च होतं. "आज काही दिसायचं नाही," असं सांगून मी माझ्या फोटो छपाईच्या दुकानात बसून राहिले. ती मात्र गेली. चपला घालून! त्या निसरड्या खडकांवर! मावळतीला चार मिनिटं ढग फाटले, लाट सुळक्यावर फुटली, आणि तिने नेमकं तेवढंच टिपलं.

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन दुकानात हजर. "ताई, स्पर्धेसाठी तूच छापून दे हं. तुझ्यासारखे रंग कुणाला जमत नाहीत."

मी तो पडद्यावर उघडला. सूर्य असा लालभडक, की खडकांच्या कडासुद्धा पेटलेल्या. माझा फोटो त्यापुढे शिळा वाटत होता. खरं सांगते, जळले मी. माझे उतरलेले फ्रॉक घालून मोठी झालेली ही पोरगी, आणि हिला आयतं आभाळ मिळावं?

छापण्याआधी रंग जुळवणं हे माझं रोजचं काम. मी लाल थोडा उतरवला. मग आणखी थोडा. सूर्य आजारी दिसायला लागला तेव्हा थांबले. छापला, पाकिटात घातला आणि तिने उघडून बघू नये म्हणून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. वर 'दुमडू नये' असंही लिहिलं. कामात कसूर नाही आपल्याकडून.

निकालाच्या दिवशी बंदराच्या कचेरीत त्रेसष्ट सूर्यास्त मांडले होते. सगळे टोमॅटो. माझाही. मधेच तिचा: राखाडी समुद्र, काळा सुळका, विझत आलेला सूर्य. परीक्षकबाई त्याच्यासमोरून हलेनात. "किती संयम आहे यात," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी नुसता रंग ओतलाय."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. टाळ्या वाजवून माझे तळहात दुखले. भिंतीवर लागणारा तो फोटो निम्मा माझा होता, त्यातला चांगला निम्मा, आणि हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? चोराच्या मनात चांदणं. मी सारखी धाकटीकडे बघत होते. ती डोळे बारीक करून आपल्याच फोटोकडे बघत उभी होती. मग गोड हसली आणि परीक्षकबाईंचे आभार मानून आली.

दुकानापर्यंतचा चढ आम्ही चढून आलो. मी कुलपाला किल्ली लावली तेव्हा ती म्हणाली, "लाल किती उतरवलास?"

खोटंच बोलणार होते, पण तोंडातून निघून गेलं. "बारा टक्के."

"बाराच?"

"भांड ना मग!" मीच चिडले. "आईला सांग जाऊन!"

"काय सांगू? अकरा वर्षं तुझ्या प्रत्येक फोटोपुढे उभी राहून 'वा ताई, वा ताई' करतेय मी. दर वेळी घसा कोरडा पडायचा माझा." तिने मला बाजूला सारलं आणि कुलूप उघडलं. "तुझा फोटो माझ्या हाती आला असता ना, तर मी वीस टक्के उतरवला असता."