अजून पाहिलं नाही

पडद्यावर आधी अंगठा आला. जाड, नखाच्या मधोमध उभी चीर गेलेला. काचेवर नेमकं कुठे टेकायचं ते ठरेना, म्हणून तो फोनच्या वर हवेतच थांबला होता.

जयवंतने चहा संपवून कप खाली ठेवला.

चाचणी शेजारच्या खोलीत चालली होती. तिथला कॅमेरा टेबलाच्या वर लावलेला होता. त्यात फोन आणि हात दिसायचा. माणसाचा चेहरा दिसत नसे, आवाज तेवढा यायचा. इकडे टीमची पाचसहा माणसं मोठ्या पडद्यासमोर लॅपटॉप उघडून बसली होती. जयवंत सगळ्यांच्या मागे होता. त्याला सकाळी उशीर झाला होता आणि डब्याची पिशवी बाहेरच्या बाकावर टाकून तो तसाच आत आला होता. नाडी तुटल्यापासून ती पिशवी खुंटीला अडकत नसे. निळ्या पट्ट्यांच्या कापडाची ती पिशवी त्याच्या बायकोने, दमयंतीने शिवलेली. कापड तिने माहेरून आणलं होतं. दमयंती गेल्या दिवाळीच्या आधी गेली. नाडी त्यानंतर तुटली, आणि नवी घालावी असं त्याला रोज वाटायचं.

लालबागच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात त्यांचं ऑफिस होतं. इमारतींना वॉचमन पुरवणाऱ्या एका एजन्सीसाठी त्यांनी चॅटचं अ‍ॅप केलं होतं. ड्युटी बदलली, कुणी रजेवर गेलं, टाकी भरून वाहू लागली, की त्यावर कळवायचं आणि फोटो पाठवायचा. पण वॉचमन ते वापरत नव्हते. बटणं सापडत नव्हती, अक्षरं बारीक होती, आणि पुढच्याने मेसेज पाहिला की नाही हे सांगणाऱ्या दोन बारीक खुणा कुणाला कळतच नव्हत्या. हे सगळं नीट करायचं काम जयवंतकडे आलं. खुणा काढून सरळ शब्द लिहायचे, ही कल्पनाही त्याचीच. एजन्सीला ती फार आवडली होती. आता नवं रूप खऱ्या वॉचमनच्या हातात देऊन बघायचं होतं.

"काका, नाव सांगाल?" पलीकडून वैदेहीचा आवाज आला. चाचण्या तीच घ्यायची.

"विठोबा परब."

"ड्युटी कुठे असते?"

"हिंदमाताच्या मागं. नवी बिल्डिंग झालीय तिथं. त्याच्या आधी गिरणीत. ही नाय, ह्या भिंतीपलीकडची. साच्यावर होतो, कापड विणायचो. संप झाला, मग काय मिळेल ते केलं."

आवाजाची गरज नव्हती. अंगठा दिसला तेव्हाच जयवंतने सासऱ्यांना ओळखलं होतं. लग्नात ह्याच अंगठ्याने त्यांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. स्मशानात दमयंतीच्या तोंडात पाणीही ह्याच हाताने घातलं होतं.

त्याने दाराकडे पाहिलं. उठून चार पावलं जायचं, दार उघडायचं आणि म्हणायचं, अहो तुम्ही कसे इथे. तो उठला नाही. खुर्ची मात्र थोडी मागे सरकवली.

"आता समजा, टाकीचा नळ तुटलाय," वैदेही सांगत होती. "त्याचा फोटो तुम्हाला ग्रुपवर पाठवायचाय. कसा पाठवाल? चुकलं तरी चालेल. तुमची परीक्षा नाही, आमची आहे."

"मग पास करतो तुम्हाला," विठोबा म्हणाले.

इकडे सगळे हसले. टीमचा प्रमुख चिटणीस म्हणाला की पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला पास करतंय.

अंगठा खाली आला. नवं बटण मोठं होतं, जयवंतने ते मुद्दाम तसं केलं होतं, आणि अंगठ्याला ते लगेच सापडलं. चिटणीसने मागे वळून जयवंतकडे बघून मान हलवली. पडद्यावर विठोबांच्या फोनमधले फोटो उघडले. एकाखाली एक, सगळे जेवणाच्या पानांचे. केळीचं पान, त्यावर भात, वरण, वडे, काळ्या वाटाण्याची उसळ. पुन्हा पान. पुन्हा पान.

"आजोबा हॉटेल काढणार वाटतं," चिटणीस म्हणाला.

पुन्हा हसू झालं. जयवंतही हसला. इतरांबरोबर, इतरांइतकाच.

"वा, काका, काय काय केलंय," वैदेही पलीकडे म्हणत होती. "सण होता का?"

"नाय गो बाय. मुलगी गेली आमची. तिच्या महिन्याच्या तिथीला पान वाढतो. ही करते सगळं, मी आपला फोटो काढतो."

इकडचं हसू थांबलं. कुणीतरी लॅपटॉपवर उगाच काहीतरी टाइप केलं. चिटणीस खाली बघू लागला.

वैदेही हळू म्हणाली, "दोन पानं दिसतात प्रत्येक फोटोत."

"एक तिचं. एक जावयाचं."

खरं तर ही तिथी जयवंतने करायची, त्याच्या घरी, दादरला. पण घरात तो एकटा. मूलबाळ नव्हतं, आई केव्हाच गेलेली. तेराव्याला सासूबाईंनी, पुतळाबाईंनी, सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तुमच्याकडे रांधणारं कुणी नाही, वर्षभर आम्ही करू, तुम्ही नुसते जेवायला या. तो हो म्हणाला होता. पहिल्या महिन्याला ऑफिसचं काम निघालं. दुसऱ्या महिन्याला, पहिल्यांदा का आलो नाही ते काय सांगायचं, म्हणून तो गेला नाही. पुढे सांगायचं वाढतच गेलं. तिथीच्या दिवशी दुपारी फोटो यायचा. वर सासऱ्यांचं नाव दिसलं की तो फोन पालथा ठेवायचा आणि संध्याकाळपर्यंत पालथाच राहू द्यायचा. त्याने एकही फोटो उघडला नव्हता. दुसरं पान त्याने आत्ताच, ऑफिसच्या भिंतीवर, पाहिलं.

"जावई कामाला कुठे असतात?" वैदेहीने विचारलं.

"हाफिसात."

"येतात ना जेवायला?"

अंगठा फोनच्या कडेवरून एकदा खाली गेला, एकदा वर आला.

"येतो की. कामाचा माणूस आहे, तरी येतो. दर महिन्याला."

"मग फोटो कशाला काढता?"

"त्याला धाडतो. म्हणजे पान वाढलंय, उठ आता, असं. नायतर थंड होतं." विठोबा हसल्यासारखे झाले. "चांगला आहे पोरगा. पोरीचं सगळं त्यानंच केलं. रात्र रात्र बसून असायचा."

जयवंतने चहाचा कप उचलला. तो रिकामा होता. तरी त्याने तो तोंडाला लावला आणि काही वेळ तसाच धरून ठेवला.

वैदेहीने त्यांना पुन्हा कामाकडे वळवलं. नळाचा एक फोटो तिने फोनमध्ये आधीच घालून ठेवला होता. विठोबांनी तो शोधला, निवडला, पाठवला. काही चुकलं नाही. फोटो ग्रुपमध्ये गेला आणि त्याच्याखाली लाल, ठळक अक्षरं आली.

"हे वाचता येतंय का काका? चष्मा लावा हवा तर."

"चष्मा नको. मोठं आहे." ते एकेक शब्द सुटा करून वाचू लागले. "अजून. पाहिलं. नाही."

"बरोबर. ज्यांना पाठवलं त्यांनी बघितलं की हे जाणार आणि हिरव्या अक्षरांत 'पाहिलं' येणार. आधी त्या बारीक खुणा होत्या ना, त्या कुणाला कळायच्या नाहीत. आता लगेच कळतं."

"कळतं. मला त्या खुणा कधीच दिसल्या नाय." अंगठा लाल अक्षरांच्या बाजूला येऊन थांबला. "हे कुणाकुणाला दिसणार?"

"ग्रुपमधल्या सगळ्यांना. इथे दाबलं की नावंही येतात. कुणी कुणी अजून पाहिलं नाही, त्यांची."

"सगळ्यांना."

"हो."

"हे काढा."

चिटणीसने मान वर केली.

"का हो?" वैदेही म्हणाली. "तुम्हालाच बरं ना. आता जावयांना फोटो पाठवलात, त्यांनी बघितला की नाही ते तुम्हाला कळलं तर सोपं नाही होणार?"

"नको. मला नको कळायला."

"पण का?"

विठोबांनी फोन बाजूला सरकवला. पडद्यावर नुसता हात होता, टेबलावर सपाट ठेवलेला. ते बोलू लागले तेव्हा हात हलला नाही.

"संपाच्या टायमाला आमच्या चाळीच्या तोंडाशी फळा होता. मयताची खबर, मंडळाची मीटिंग, असं लिहायचे. संप लांबला तसे कोण कोण गुपचूप कामावर जायला लागले. मग त्यांची नावं खडूनं फळ्यावर. धर्मा माझा धाकटा भाऊ. बायको बाळंत झालेली, घरात काय नव्हतं, म्हणून गेला. चार दिवस गेला असेल. नाव आलं फळ्यावर. पोरंटोरं मोठ्यानं वाचायची. मग तो चाळीत आलाच नाय. आधी सासुरवाडीला राहिला, मग गावाला गेला."

"रागावले असतील."

"राग नाय गो. रागानं गेलेला माणूस येतो परत, भांडायला तरी येतो. हा लाजला." ते थांबले. "मी त्याच रात्री नाव पुसलं होतं. ओल्या फडक्यानं. पण पुसलं हे त्याला कोण सांगणार? त्याच्या डोळ्यापुढं ते तसंच. माणूस येईल ना त्याला यायचं तेव्हा. त्याच्या नावाखाली असं लाल लिवू नका. तेवढं करा, बाकी छान झालंय. ज्यानं बनवलंय त्याला सांगा, बटण मोठं केलंस ते बरं केलंस."

वैदेहीने त्यांचे आभार मानले. आलेल्यांना देण्यासाठी आणलेली पाण्याची बाटली त्यांच्यासमोर ठेवली. हाताने ती उचलली, फिरवून पाहिली आणि हात पडद्यावरून गेला. टेबल तेवढं राहिलं. बाहेर दार उघडल्याचा आवाज आला, चपला घासत गेल्या. बाकापाशी त्या थांबल्या असं जयवंतला वाटलं. मग लांब गेल्या.

वैदेही ह्या खोलीत येऊन बसली. चिटणीसने विषय काढला. काकांचं ऐकून वाईट वाटलं, तो म्हणाला, पण अशा एका माणसाच्या भावनेवर निर्णय घेता येणार नाही. एजन्सीला हेच हवंय. ड्युटी बदलल्याचं कुणी पाहिलं नाही हे सुपरवायझरला दिसायलाच हवं. त्याने जयवंतला विचारलं की तुझी कल्पना आहे, तू सांग.

"काढू या," जयवंत म्हणाला.

"काय?"

"फक्त सुपरवायझरला दिसू दे. ग्रुपला नको. आणि लाल नको."

"परवापर्यंत तूच भांडत होतास त्याच्यासाठी. कारण काय सांगायचं त्यांना?"

जयवंतने तोंड उघडलं. सगळे त्याच्याकडे बघत होते, वैदेहीसुद्धा. आत्ता सांगितलं तर मघाचं हसणंही सांगावं लागलं असतं.

"बघतो. लिहून देतो," तो म्हणाला, आणि डबा खायची वेळ झाली असं काहीतरी पुटपुटत बाहेर आला.

पिशवी बाकावर नव्हती.

त्याने बाकाखाली वाकून पाहिलं. मग मान वर केली. पिशवी खुंटीला होती, नाडीने अडकवलेली. तो जवळ गेला. तुटलेली दोन टोकं एकमेकांना जोडलेली होती. गाठ इतकी बारीक की बोट फिरवल्याशिवाय सापडू नये. दमयंती शिवताना दोरा तुटला की अशीच गाठ मारायची. बाबांची गाठ आहे, म्हणायची, मागावर धागा तुटला की हीच मारतात, कापडात दिसत नाही. जयवंतने नाडी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. गाठ सरकली नाही.

ऑफिसातला दौलत ट्रे घेऊन कप गोळा करत होता.

"ही खुंटीला कोणी लावली?"

"ते काका नव्हते का बसलेले, वॉचमन? त्यांनीच. बराच वेळ मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, जयवंत साहेबांची आहे, राहू दे. तर म्हणाले, पडेल, लावून ठेवतो."

"जाताना?"

"नाही, आत जायच्या आधी. जाताना नुसती बघितली, नीट लागलीय का." दौलतने शेवटचा कप ट्रेमध्ये ठेवला. "ओळखीचे का तुमच्या?"

खोलीचं दार उघडंच होतं. आत चिटणीस आणि वैदेही अजून त्या लाल अक्षरांवरून बोलत होते.

"हो," जयवंत म्हणाला. ते इतकं हळू झालं की दौलतला ऐकू गेलं नाही. तो ट्रे घेऊन थांबला.

"काय म्हणालात?"

जयवंतने पिशवी खुंटीवरून काढून खांद्याला लावली.

"माझे सासरे आहेत ते."

ह्या वेळी आवाज मोठा निघाला. आतलं बोलणं थांबलं.