खालचं पातं

मी एक धनुष्य बोलतोय. सांगण्यासारखा पराक्रम माझ्या नावावर एकही नाही. माझं ऐकून तुम्ही मान फिरवलीत, तरी मी रागावणार नाही.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तिथे एक लांब टेबल होतं, भिंतीवर करवती होत्या आणि चहाच्या कपातसुद्धा भुसा असायचा. बाबा तिथे धनुष्यं बनवायचे. मीही त्यांना बाबाच म्हणतो, कारण त्यांनी मला त्यांच्या लेकीसाठी घडवलं. तिला ते लाडाने ठमी म्हणत.

बाहेरून आम्ही काळेभोर, गुळगुळीत दिसतो. तो काचतंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा थर. मुठीच्या वर एक आणि खाली एक अशी आमची दोन वाकणारी पाती असतात आणि त्यांच्या पोटात लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. तो आमचा गाभा. त्या लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या, तर धनुष्य वर्षानुवर्षं टिकतं. एखादी रेषा तिरपी होऊन मध्येच कडेबाहेर पडली, की ते पातं आज ना उद्या दगा देणार.

म्हणून बाबा प्रत्येक पट्टी खिडकीशी धरून न्याहाळायचे. माझ्या वेळीही धरली. डोळे बारीक केले, पुसले, पुन्हा बारीक केले. शेवटी नुसता अंगठा फिरवून म्हणाले, "झकास!"

"डोळे दाखवून या म्हणून बोलून बोलून माझा घसा बसला," आई दारातूनच म्हणाली.

"माझी नजर बोटांत आहे," बाबा म्हणाले आणि ती पट्टी माझ्या खालच्या पात्यात बसवली. तुतीचं लाकूड होतं. रेषा तिरपी होती.

सुरुवातीला मी छान चाललो. ठमी मला कुणाला हात लावू द्यायची नाही. मग हळूहळू माझं खालचं पातं पिळत गेलं, दोरी मध्यावरून बाजूला सरकली आणि बाण डावीकडे जाऊ लागले. एका दुपारी ठमीने मला डोळ्यासमोर आडवं धरलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिच्या सगळं लक्षात आलं.

आता ही बाबांना हाक मारणार, असं मला वाटलं. तिने शेडमध्ये डोकावून पाहिलं. बाबा दोरीला फास घालायला बघत होते आणि टोक पुन्हा पुन्हा फासाशेजारून जात होतं. ती उलट्या पावली स्वयंपाकघरात गेली. किटलीच्या वाफेवर धरून तिने माझं पातं हाताने सरळ केलं. त्यानंतर प्रत्येक सरावाआधी तिचा हाच उद्योग. थोडा वेळ मी सरळ राहायचो, मग पुन्हा पिळायचो.

मैदानावर बाबा तिच्या मागे उभे राहून ओरडायचे, "खांदा पडतोय! लक्ष कुठंय तुझं?"

"चुकलं, बाबा," ती म्हणायची.

तिचा खांदा पडत नव्हता. मी तिच्या हातात होतो, मला ठाऊक होतं. चूक माझी आणि बोलणी तिला. अशा वेळी लाकडालाही कुठे तोंड लपवावं कळत नाही.

तिरंदाजी संघाच्या निवडीत ती बाहेर पडली.  घरी येताना बाबा हळूच म्हणाले, "माझ्या धनुष्यानं काय कमी केलं होतं गं?"

"काही नाही, बाबा. मीच कमी पडले."

त्या क्षणी मी तिच्या खांद्यावरच्या पिशवीत मोडून पडलो असतो, तर सुटलो असतो. नेमका तेव्हाच मी शाबूत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दोरीला मेण लावायला मला हातात घेतलं. खालच्या टोकाशी दोरी खाचेच्या एका बाजूला ओढलेली होती. त्यांचा अंगठा तिथे थांबला. वरचं टोक चाचपलं, पुन्हा खालचं.

"ठमे, इकडे ये. हे कधीपासून?"

ती खाली बघत राहिली. "जवळजवळ पहिल्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"म्हणून मी तुझ्यावर खेकसत राहिलो आणि तू ऐकून घेत राहिलीस?"  त्यांनी करवत घेतली आणि माझं खालचं पातं उभं चिरलं. मग ते तिच्या हातात देऊन म्हणाले, "बघ. मला दिसत नाही. तू सांग."

एवढ्या महिन्यांत ते हे पहिल्यांदाच बोलले.

"इथून रेषा तिरपी झाली, बाबा. इथं बाहेर पडली." तिने त्यांचं बोट धरून त्या रेषेवरून नेलं.

आई केव्हाची दारात उभी होती. "उठा. डोळ्यांचा दवाखाना उघडा असेल अजून," एवढंच ती म्हणाली. बाबा मुकाट्याने चपला शोधू लागले.

आता त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. नव्या धनुष्याच्या पट्ट्या ठमी निवडते, बाबा घासतात आणि दोघं यथेच्छ भांडतात. नवं धनुष्य सरळ आहे. मी रोज बघतो ना.

आणि मी? चिरलेला, टेबलाच्या कोपऱ्यात. आई म्हणाली होती, "ते फेकून द्या." बाबांनी ऐकलं नाही. धनुष्य बनवून घ्यायला कुणी आलं, की ते मला उचलतात, माझं उघडं पोट उजेडात धरतात आणि सांगतात, "ही बघा माझी चूक." त्यांचा आवाज आता जराही खाली येत नाही. माझं मात्र अजून शरमेने पाणी पाणी होतं.

तुम्ही कधी तिथे आलात आणि त्यांनी मला तुमच्या हातात दिलं, तर रेषा जरूर बघून घ्या. पण लवकर खाली ठेवा. ठमी तिथेच शेजारी बसलेली असते हो.