गालातली गोळी

सलीमाबीचा निकाल लागलेला होता आणि त्यावर अपील नव्हतं: नवरा चोरून खर्रा खातो. गडचिरोलीत पोलिसांच्या वर्द्या शिवता शिवता म्हातारा झालेल्या गुलाम रसूलनं चाळीस वर्षं ती तंबाखू-सुपारी गालात दाबली होती. वर्षभरापूर्वी तिला शब्द देऊन सोडली, असं तो म्हणे. मग डाव्या गालात आतून पडलेली जखम दोन महिने भरत का नव्हती?

तिनं मशीनचे खण उपसले, खिसे उलटे केले, पानठेल्यावरच्या मुन्नाला भर चौकात झाडलं. मोहल्ल्याला तर कामच मिळालं. भेटायला येणारा प्रत्येक जण कॅन्सरनं गेलेला एखादा चुलता सोबत घेऊनच यायचा. चहा प्यायचा, हळहळायचा आणि बाहेर पडून मुन्नाकडूनच खर्रा घ्यायचा.

"कसम खातो, नाई खाल्ला," गुलाम रसूल म्हणायचा.

"कसमा बी खर्र्यावानीच खाता तुमी," ती म्हणायची, आणि न्हाणीत जाऊन रडायची.

दवाखान्यात जखमेचा तुकडा तपासायला गेला. आठ दिवसांनी डॉक्टरबाईंनी सांगितलं, कॅन्सर नाही.

"दुसरी कुठली औषधं चालू आहेत, काका?"

"तीन महिन्यांखाली मनगट मोडलं. तवापासून दर इतवारी एक हाडाची गोळी."

"कशी घेता?"

गुलाम रसूलनं मोठ्या ऐटीत बोटानं डावा गाल ताणला. "इथी ठेवतो. आस्ते आस्ते विरघळते."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ती उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर गिळायची! हाडांना चांगली, पण तोंडात धरून ठेवली तर तिथली कातडी जाळते, नवी वाढूच देत नाही. जखम भरणार कशी?"

"गिळाची गोळी गालात काऊन ठेवली?" सलीमाबी कडाडली.

त्यानं मान खाली घातली. "तुले शब्द देल्ला होता. खर्रा सोडला, पण रिकामा गाल लय छळते. इतवारी तेवढंच काईतरी असल्यासारखं वाटे."

सलीमाबीला स्वतःचीच लाज वाटली.

मोहल्ल्यात शिरताच शेजारच्या नाहीदनं गाठलं. "कॅन्सर नाई ना? मंग खर्राच असन."

"नाई," सलीमाबी म्हणाली. "माया नवरा खरं बोलत होता. मीच ऐकलं नाई."

नाहीदचा चेहरा पडला. इतक्या वाईट बातमीची तिनं तयारी केली नव्हती.