तीन थर्मामीटर

दुसऱ्यांची मोजमापं चुकीची आहेत हे सिद्ध करण्यासाठी मी चौतीस वर्षं सरकारचा पगार घेतला. बेंगळुरूतल्या एका सरकारी कारखान्यात कॅलिब्रेशन विभाग माझ्याकडे होता. गेज, मायक्रोमीटर, प्रेशरचे डायल, येईल ते तपासायचं. बरोबर असेल तर हिरवं स्टिकर, चुकत असेल तर लाल. माझ्या सहीशिवाय तिथलं पान हलत नसे. तो तोरा निवृत्तीनंतरही उतरलेला नाही, असं माझी बायको विद्या म्हणते.

तिच्या पहिल्या केमोच्या दिवशी तो तोरा मी हॉस्पिटलातही नेला. आदल्या दिवशी रक्त तपासून झालं होतं. सकाळी उंची आणि वजन घेतलं, कारण औषधाचा डोस त्यावर ठरतो. वजनकाट्याला स्टिकर नव्हतं, म्हणून मी तिथेच वाद घातला. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो, आणि भांडलं की मला जरा कमी भीती वाटते.

डे-केअरच्या लांब खोलीत ओळीने निळ्या खुर्च्या होत्या. त्यातली खिडकीजवळची विद्याला मिळाली. नर्सचं नाव महानंदा. ती निपाणीकडची, आमचं मराठी ऐकून एकदम खुलली. "अक्का, स्वल्प टोचेल हं," म्हणत तिने सुई शिरेत बसवली. मग नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिली. प्रत्येक औषधाआधी पुन्हा तेच. दहा मिनिटांत माझी जन्मतारीख बदलते का गं, असं विद्याने हसत विचारलं. मला मात्र ही मुलगी तेव्हाच पटली. सलाईनच्या पंपाचं कॅलिब्रेशन कधी झालंय असं मी विचारलं, तर न चिडता तिने पंप वळवून मागचं स्टिकर दाखवलं. तारीख चालू वर्षाची होती.

आधी उलटी होऊ नये म्हणून औषध, थोडं सलाईन, आणि मग ते लाल. महानंदाने वेगळा गाऊन चढवला, एकावर एक दोन हातमोजे घातले आणि शेजारी बसून मोठ्या सिरिंजमधलं लालभडक औषध हळूहळू सोडलं. स्वतःच्या हातावर थेंब पडू नये म्हणून ती एवढी जपत होती आणि तेच माझ्या बायकोच्या शिरेत जात होतं. तोंडात फोड कमी यावेत म्हणून विद्याला बर्फाचे खडे चघळायला दिले होते. ते चघळत ती मलाच धीर देत होती. दिवसभर लघवी लाल होईल, घाबरू नका, हेही आम्हांला आधीच सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी आम्ही कॅबने जे. पी. नगरला घरी आलो.

निघताना महानंदाने सूचनांचा कागद दिला आणि त्यातल्या एकाच ओळीखाली दोनदा रेघ मारली. ताप शंभर पॉइंट चार किंवा त्याहून जास्त आला की लगेच फोन करायचा, आपल्या मनाने गोळी देऊन वाट बघायची नाही. साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप खाली जातात आणि अंगात जंतूंशी लढायला कुणी उरत नाही. "तेव्हा ताप आला तर तो साधा ताप नसतो, अण्णा. सरी?" मीही तिच्यासारखंच कन्नडात सरी, म्हणजे बरं, म्हणालो.

पण माझ्या डोक्यात उमाकांत होता. आमच्याच विभागातला. दोन वर्षांपूर्वी केमो चालू असताना त्याच्या बायकोला असाच ताप आला आणि तो तिला हॉस्पिटलात घेऊन गेला. अकराव्या दिवशी तो एकटा घरी परतला. न नेल्यामुळे माणूस वाचतो, असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही. मीही कधी म्हणालो नाही. पण ताप आला की न्यायचं आणि नेलं की माणूस परत येत नाही, हे मनात पक्कं बसलं होतं.

नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, विद्या म्हणाली अंग मोडून आल्यासारखं वाटतंय. मी डिजिटल थर्मामीटर लावला. अकरा वाजून दहा मिनिटं, शंभर पॉइंट आठ.

फोन हाताशी होता. मी तो उचलला नाही. एका उपकरणावर विश्वास ठेवायचा नसतो, असं स्वतःला सांगत मी कपाटातला जुना पाऱ्याचा थर्मामीटर काढला. शंभर पॉइंट पाच. मग कोरोनाच्या दिवसांत आणलेली, कपाळासमोर धरायची ती बंदूक आणली. नव्याण्णव पॉइंट चार. तिन्ही आकडे वहीत लिहिले आणि सरासरी काढली. शंभर पॉइंट तेवीस. म्हणजे हद्दीच्या आत.

ती बंदूक दीड डिग्री कमी दाखवते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या विभागात आली असती तर मी तिला लाल स्टिकर लावून फेकून दिलं असतं. त्या दिवशी मला तीच सगळ्यात भरवशाची वाटली.

एक वाजता पुन्हा मोजलं. सरासरी शंभर पॉइंट सदतीस, अजूनही हद्दीच्या आतच. व्हाइटफील्डहून आमच्या लेकीचा, केतकीचा फोन आला, तिला मी सगळं नॉर्मल आहे म्हणून सांगितलं. विद्या भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. तिने मऊ भाताला हात लावला नव्हता. मी सारखा घड्याळ बघत होतो आणि तरी फोन करत नव्हतो.

चार वाजता तिला हुडहुडी भरली. मे महिन्यात दोन ब्लँकेटं घातली तरी पलंग हलत होता. मी तिन्ही थर्मामीटर घेऊन गेलो. तिने माझा हात बाजूला केला.

"अहो, ताप सरासरीला नाही आलेला, मला आलाय," ती म्हणाली. "मला न्या आता."

फोन महानंदानेच उचलला. मी सरासरी सांगू लागलो तर तिने मध्येच तोडलं आणि सगळ्यात मोठा आकडा विचारला. तो ऐकल्यावर ती अण्णा म्हणाली नाही. गोळी देऊ नका, असाल तसे निघा, इमर्जन्सीच्या दारातच केमोचा पेशंट आणि ताप असं सांगा, एवढंच बोलून तिने फोन ठेवला. रस्ताभर विद्याचे दात वाजत होते. उमाकांत ह्याच रस्त्याने गेला असेल, एवढं एकच माझ्या मनात येत होतं.

दारात तसं सांगताच त्यांनी तिला थेट आत घेतलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ताप केव्हापासून आहे?

"आत्ताच आला, चार वाजता," विद्या म्हणाली. माझ्याकडे न बघता.

वही माझ्या खिशात होती. ती तिथेच राहिली असती तर कुणालाही कळलं नसतं. विद्याला तेच हवं होतं. एवढी थरथरत असतानाही ती मला पाठीशी घालत होती. आणि चुकीच्या नोंदीवर ही बाई आता माझ्या बायकोचे उपचार ठरवणार होती. मी वही काढून डॉक्टरांसमोर ठेवली.

"अकरा दहाला," मी म्हणालो. "शंभर पॉइंट आठ. मला माहीत होतं."

डॉक्टरांनी पान वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. दोन्ही हातांतून रक्त काढलं, अँटिबायोटिक लावलं. पाऊण तासाने पेशींचा आकडा आला, तो इतका खाली होता की मी पुन्हा विचारलं नाही. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे, त्या म्हणाल्या.

"कशाला सांगितलंत?" विद्याने विचारलं. मला प्रचंड भीती वाटत होती, तेवढंच मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मलाही.

ड्यूटी संपल्यावर महानंदा घरी जायच्याऐवजी खाली इमर्जन्सीत आली. तिने विद्याच्या काखेत थर्मामीटर लावला, वाजल्यावर काढला आणि वाचला. एकशे दोन पॉइंट एक. तिने तो आकडा तसाच कागदावर लिहिला आणि माझ्याकडे पाहिलं, मी काही म्हणेन म्हणून.

मी विद्याचा हात धरून बसलो होतो. तो भाजत होता. मी पुन्हा मोजायला सांगितलं नाही.